विश्लेषण : काबाची किल्ली एका घराण्याकडे, शहर दुसऱ्याकडे... इस्लामच्या पवित्र शहरांचे वंशपरंपरागत पालकत्व कसे ठरत गेले?

जून २०२४ मध्ये हज यात्रा आटोपून काही दिवस होतात तोच काबाच्या किल्लीचे मानकरी सालेह अल-शैबी यांचे मक्केत निधन झाले. किल्ली त्यांच्याच घराण्यातील अब्दुल वहाब अल-शैबी यांच्याकडे सुपूर्द करण्यात आली. जवळपास चौदा शतके हा मान एकाच कुळात आहे. या काळात मक्केवर डझनभर सत्तांचा अंमल येऊन गेला. शहराची राखण करण्याचा अधिकार मात्र किल्लीइतका शांतपणे एका हातातून दुसऱ्या हातात कधीच गेला नाही. मक्का आणि मदिनेत तो प्रश्न १९२५ मध्ये तलवारीने सुटला. जेरुसलेममध्ये तो आजही सुटलेला नाही.

किल्लीचा मान शैबी कुळाकडे का?

इस्लामपूर्व काळातच मक्केतील कुरैश टोळीच्या शाखांमध्ये कामांची वाटणी झालेली होती. यात्रेकरूंना पाणी कोणी द्यायचे, अन्न कोणी द्यायचे, काबाचे दार कोणी उघडायचे हे ठरलेले असे. आपल्याकडच्या बलुते-वतनांच्या पद्धतीशी हे बरेच जुळते. दाराचे काम अब्द अल-दार या शाखेकडे होते. सन ६३० मध्ये प्रेषित मोहम्मद पैगंबरांनी मक्का जिंकली, तेव्हा किल्ली उस्मान इब्न तल्हा यांच्याकडे होती. ती घेतली गेली. पण इस्लामी परंपरेनुसार पैगंबरांनी ती त्यांनाच परत केली आणि अत्याचारी माणसाखेरीज कोणी ती तुमच्याकडून हिरावणार नाही, असे सांगितले. पुढे हा मान उस्मान यांचे चुलतभाऊ शैबा यांच्या वंशात राहिला. उमय्यद, अब्बासी, मामलुक, ऑटोमन आणि आताचे सौदी यांपैकी कोणीही तो मोडला नाही. कारण उघड आहे. किल्ली काढून घेणारा राजा परंपरेच्याच शब्दांत अत्याचारी ठरला असता. शिवाय किल्ली ठेवणाऱ्याच्या हाती ना सैन्य होते ना महसूल. त्याला हात न लावण्यात कोणाचेच नुकसान नव्हते.

शरीफ म्हणजे कोण?

खरी सत्ता होती ती मक्केच्या शरीफांकडे. पैगंबरांची कन्या फातिमा आणि जावई अली यांचे थोरले पुत्र हसन यांच्या वंशजांना ‘शरीफ’ म्हणत. बगदादच्या अब्बासी खलिफांचा जोर ओसरल्यावर, दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वंशातील एका शाखेने मक्केत आपली अमिरात उभी केली. मदिनेत अलींचे धाकटे पुत्र हुसेन यांच्या वंशजांचे असेच घराणे होते. १२०१ च्या सुमारास कतादा इब्न इद्रिस या शरीफाने मक्का ताब्यात घेतली. त्यानंतर विसाव्या शतकापर्यंत, म्हणजे सातशेहून अधिक वर्षे, मक्केचा प्रत्येक अमीर त्याच्याच वंशातला होता. जॉर्डनचे आजचे राजे अब्दुल्ला दुसरे हेही त्याच वंशातले.

पण वंशपरंपरा म्हणजे बापानंतर मुलगा, असा सरळ हिशेब येथे नव्हता. पद कुळाचे होते, घराचे नव्हते. त्यामुळे काका-पुतणे, भाऊ-भाऊ आणि चुलत घराणी यांच्यात सतत चढाओढ असे आणि बाहेरच्या बलाढ्य सत्तेला याच भांडणात शिरकाव करता येई. दुसरी अडचण पोटाची होती. मक्का ओसाड खोऱ्यात वसलेली. धान्य इजिप्तमधून यायचे, पैसा यात्रेकरूंकडून आणि दूरच्या राजांच्या देणग्यांतून. भारतातील मुघल बादशहांनीही मोठ्या रकमा पाठवल्या. शरीफांचे वकील नजराण्याच्या आशेने दरबारात येत. हा पैसा गरजूंऐवजी शरीफांच्याच खिशात जातो, अशी तक्रार औरंगजेबाने केली होती. इतक्या दुरून त्याने हे बरोबर ओळखले होते, असे म्हणावे लागेल.

सुलतान ‘सेवक’ का म्हणवून घेऊ लागले?

१५१७ मध्ये ऑटोमन सुलतान सलीम पहिला याने मामलुकांचा पराभव करून कैरो घेतले. मक्केचे तत्कालीन शरीफ बरकात यांनी स्वतः न जाता आपला किशोरवयीन मुलगा अबू नुमय्य याला सुलतानाच्या भेटीला पाठवले आणि निष्ठा जाहीर केली. सलीमने शरीफांना जागेवर कायम केले. एका प्रवचनकाराने सलीमचा उल्लेख ‘दोन पवित्र शहरांचा स्वामी’ असा केला, तेव्हा ‘स्वामी नव्हे, सेवक’ अशी दुरुस्ती सुलतानाने केली, अशी कथा सांगितली जाते. ‘खादिम अल-हरमैन’ ही पदवी तशी त्याच्याही आधीची. सलाउद्दीन अय्युबी आणि मामलुक सुलतान ती वापरत. पण चार शतके ती इस्तंबूलच्या नावाशी जोडली गेली.

या व्यवस्थेत दोघांचाही फायदा होता. सुलतानाला साऱ्या मुस्लिम जगात मान मिळे. शरीफाला दरवर्षी इस्तंबूलहून थैल्या, इजिप्तहून धान्य आणि संरक्षण मिळे. विरोधी शाखेतला एखादा शरीफ सुलतान इस्तंबुलात मानाने, पण नजरेखाली ठेवत असे. मक्केतला अमीर डोईजड झाला की बदली माणूस तयारच!

या व्यवस्थेला पहिला जबर धक्का १८०३ मध्ये बसला. मध्य अरबस्तानातून आलेल्या सौदी फौजांनी मक्का घेतली. काही वर्षांनी इजिप्तचा सुभेदार मुहम्मद अली याच्या सैन्याने त्यांना हुसकावले आणि तत्कालीन शरीफ गालिब यांनाही कैद करून सलोनिकाला पाठवले. तेथेच त्यांचे निधन झाले.

शेवटचे शरीफ हुसेन यांचे काय चुकले?

हुसेन बिन अली पंधराएक वर्षे इस्तंबुलात अशाच नजरकैदेत होते. १९०८ मध्ये त्यांची मक्केचे अमीर म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी दमास्कसहून निघालेली हिजाज रेल्वे मदिनेला पोहोचली. रेल्वे म्हणजे सोय, पण सैन्यही त्याच रुळांवरून येणार, हे हुसेन यांना कळत होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी इजिप्तमधील ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमोहन यांच्याशी पत्रव्यवहार केला, ब्रिटिश सोने घेतले आणि जून १९१६ मध्ये बंड पुकारले. ऑटोमनांनी लगेच विरोधी शाखेतील अली हैदर यांना अमीर म्हणून रवाना केले. ते मदिनेपर्यंत आले, मक्केला पोहोचू शकले नाहीत. मदिनेतील तुर्की सेनापती फखरी पाशा तर युद्ध संपल्यानंतरही जानेवारी १९१९ पर्यंत शहर सोडायला तयार नव्हता.

ब्रिटिशांनी दिलेले शब्द पाळले नाहीत हे खरे. पण हुसेन यांनीही आपली ताकद ओळखली नाही. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द करताच काही दिवसांतच त्यांनी स्वतःला खलिफा घोषित केले. मुस्लिम जगातून फारसा पाठिंबा मिळाला नाही. हज यात्रेकरूंवरील करांमुळे त्यांच्याविषयी नाराजी होतीच. सप्टेंबरमध्ये अब्दुल अझीझ इब्न सौद यांच्या फौजांनी तायफ घेतले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हुसेन यांनी मुलगा अली यांच्यासाठी गादी सोडली आणि त्याच महिन्यात मक्का पडली. डिसेंबर १९२५ मध्ये मदिना आणि जेद्दाही गेले. जानेवारी १९२६ मध्ये इब्न सौद हिजाजचे राजे झाले.

मुंबईचा याच्याशी संबंध काय?

मध्यवर्ती खिलाफत समितीची स्थापना १९१९ मध्ये मुंबईत झाली आणि भायखळ्याचे ‘खिलाफत हाऊस’ आजही त्या चळवळीची आठवण सांगते. पवित्र स्थळे खलिफाच्याच ताब्यात राहावीत, ही या चळवळीची मुख्य मागणी होती. साहजिकच ब्रिटिशांना मिळालेले शरीफ हुसेन हे तिच्या नेत्यांच्या लेखी खलनायक. इब्न सौद मक्केवर चालून गेले, तेव्हा अली बंधूंची सहानुभूती सौदींकडे होती. हिजाजचा कारभार साऱ्या मुस्लिम जगाच्या सल्ल्याने ठरवू, असे इब्न सौद यांनी म्हटले होते. ते भारतीय नेत्यांनी शब्दशः घेतले. हिजाजमध्ये कोणा एका घराण्याचे राज्य नको, जगभरातील मुस्लिमांचे प्रतिनिधी असलेले प्रजासत्ताक हवे, असा त्यांचा आग्रह होता.

जून १९२६ मध्ये मक्केत परिषद भरली. मोहम्मद अली आणि शौकत अली तेथे गेले. पण इब्न सौद तोवर राजे झालेले होते आणि मदिनेच्या ‘जन्नत अल-बकी’ कब्रस्तानातील घुमट पाडले गेले होते. भारतीय मुस्लिमांमध्ये संताप उसळला, फूटही पडली. घराणेशाहीऐवजी सामूहिक पालकत्व, ही कल्पना एका परिषदेत मांडली गेली आणि तिथेच विरली. ती मांडण्यात भारतीयांचा वाटा मोठा होता, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही.

पुढचा योगायोग विलक्षण आहे. मोहम्मद अली यांचे जानेवारी १९३१ मध्ये लंडनमध्ये निधन झाले आणि त्यांचे दफन जेरुसलेमच्या हरम अल-शरीफ परिसरात झाले. त्याच वर्षी जूनमध्ये अम्मानमध्ये निधन पावलेले शरीफ हुसेन यांनाही तेथेच दफन करण्यात आले. एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली ही दोन माणसे एकाच परिसरात विसावली आहेत.

सौदी राजांनी ‘महाराज’ ही उपाधी का सोडली?

सौद घराणे पैगंबरांच्या वंशातले नाही. त्यामुळे त्यांचा दावा रक्तावर नव्हे, सेवेवर उभा राहिला : यात्रा सुरक्षित ठेवणे, मशिदींचा विस्तार, यात्रेकरूंची सोय. नोव्हेंबर १९७९ मध्ये सशस्त्र बंडखोरांनी मक्केच्या मशिदीचाच ताबा घेतल्याने हा दावा हादरला. त्याच वर्षी इराणमध्ये क्रांती झाली होती आणि तेहरानमधून सौदी राजघराण्याच्या अधिकारालाच आव्हान दिले जात होते. १९८६ मध्ये राजे फहद यांनी ‘महाराज’ ही उपाधी बाजूला ठेवून ‘दोन पवित्र मशिदींचे सेवक’ ही जुनी पदवी अधिकृतपणे धारण केली. पुढच्याच वर्षी मक्केत इराणी यात्रेकरू आणि सौदी सुरक्षा दले यांच्यातील संघर्षात चारशेहून अधिक लोक मरण पावले.

जेरुसलेमचे पालकत्व जॉर्डनकडे कसे?

मक्का गमावलेल्या हाशमी घराण्याकडे उरले ते जेरुसलेम. अल-अक्साच्या दुरुस्तीसाठी हुसेन यांनी १९२४ मध्ये दिलेल्या देणगीपासून जॉर्डन आपला दावा सांगतो. त्यांचे पुत्र राजे अब्दुल्ला पहिले यांची २० जुलै १९५१ रोजी अल-अक्साच्या दारातच हत्या झाली. शेजारी उभा असलेला किशोरवयीन नातू हुसेन बचावला आणि पुढे राजा झाला. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम घेतले, पण मशिदींचा कारभार जॉर्डनच्या वक्फ खात्याकडेच ठेवला. सुरक्षा इस्रायली पोलिसांकडे, आतला कारभार वक्फकडे, असा हा तोल आहे. १९८८ मध्ये जॉर्डनने पश्चिम किनाऱ्याशी प्रशासकीय संबंध तोडले, तरी ही जबाबदारी सोडली नाही. १९९० च्या दशकात ‘डोम ऑफ द रॉक’चा सोनेरी मुलामा नवा करण्यासाठी राजे हुसेन यांनी लंडनमधील आपले घर विकल्याचे सांगितले जाते.

१९९४ च्या इस्रायल-जॉर्डन शांतता कराराच्या नवव्या कलमात जॉर्डनच्या ‘विशेष भूमिके’चा आदर करण्याचे आश्वासन आहे. शहराच्या अंतिम दर्जाविषयी वाटाघाटी होतील तेव्हा या भूमिकेला प्राधान्य दिले जाईल, असेही त्यात म्हटले आहे. त्या वाटाघाटी पूर्ण झालेल्या नाहीत. २०१३ मध्ये पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनीही राजे अब्दुल्ला दुसरे यांच्याशी करार करून हे पालकत्व मान्य केले.

वाद आता कशावरून?

‘विशेष भूमिका’ म्हणजे नेमके काय, हे करारात सांगितलेले नाही. दारावर मेटल डिटेक्टर कोणी बसवायचे, ज्यू प्रार्थनेला मनाई असलेल्या आवारात कोणी काय करायचे, असे प्रश्न म्हणूनच पेटतात. जुलै २०१७ मध्ये इस्रायलने बसवलेले डिटेक्टर दोन आठवड्यांच्या आतच काढावे लागले. मार्च २०२१ मध्ये जॉर्डनचे युवराज अल-अक्साला निघाले होते. सुरक्षाव्यवस्थेवरून इस्रायलशी मतभेद होताच त्यांनी दौरा रद्द केला. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान नेतान्याहू यांना अमिरातीला जायचे होते. जॉर्डनने आपल्या आकाशातून जाण्याची परवानगी रोखून धरली, ती मिळेपर्यंत उशीर झाला आणि तोही दौरा रद्द झाला. सौदी अरेबिया आणि इस्रायल यांच्यातील संभाव्य समझोत्याची चर्चा निघाली, की त्यात जेरुसलेममधील भूमिकेचा सौदा तर होणार नाही ना, ही शंका अम्मानमध्ये डोके वर काढते. शंभर वर्षांपूर्वी मक्का ज्या घराण्याकडे गेली, ते घराणे हेच आहे.