पाणमांजरांनी राखलेले अरण्य

जंगल राखायचे तर झाडे जपावीत, एवढेच मला ठाऊक होते. अलास्कालगतच्या अल्यूशियन बेटांविषयी वाचू लागलो आणि ही समजूत डळमळली. तिथले जंगल समुद्रात आहे; केल्प नावाच्या तपकिरी शैवलाचे. थंड पाण्यात, खडकाला घट्ट धरून ते वाढते. त्याला मुळे नसतात. तळाशी असते ती फक्त पकड. त्याच्या आडोशाने मासे, खेकडे, गोगलगायी नांदतात. आपला कोकणचा समुद्र उबदार, म्हणूनच या शैवलाला मराठीत नाव नसावे.

१९७१च्या सुमारास जेम्स एस्टिस हा तरुण संशोधक अम्चिट्का बेटावर समुद्री पाणमांजरांचा अभ्यास करीत होता. जंगल पाणमांजरांना कसे पोसते, हा त्याचा प्रश्न. परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी तो उलटा करायला सुचवले: पाणमांजरे जंगलाचे काय करतात?

उत्तर शेम्या बेटापाशी मिळाले. कातड्यासाठी अठराव्या शतकापासून चाललेल्या शिकारीत पाणमांजरे जवळपास संपली होती. १९११च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ती अम्चिट्काला पुन्हा वाढली. शेम्याला मात्र परतली नव्हती. एस्टिसने तिथे बुडी मारली, तर तळभर सी अर्चिन, म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेले गोल प्राणी. आणि केल्प जवळजवळ नाहीच.

पाणमांजराच्या अंगात चरबीचा जाड थर नसतो. थंडीत तगण्यासाठी ते रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा खाते, आणि अर्चिन हे त्याचे आवडते खाद्य. खाणारा गेला की अर्चिन माजतात, केल्पची पकड कुरतडतात. सुटलेले शैवल वाहून जाते. केल्प संपल्यावरही अर्चिन मरत नाहीत. अर्धपोटी वर्षानुवर्षे तगतात आणि नवा कोंब दिसला की फस्त करतात. अशा तळावर नुसती लागवड करून भागत नाही.

१९९०च्या दशकात या बेटांवरची पाणमांजरे पुन्हा झपाट्याने घटली. किलर व्हेल त्यांना खाऊ लागले, असा निष्कर्ष एस्टिस व सहकाऱ्यांनी १९९८ साली मांडला. अडाक बेटाभोवती दहा वर्षांत अर्चिनांचा जैवभार आठपट झाला, केल्पची दाटी बाराव्या हिश्शावर आली. शिकारबंदी कायम होती, केल्पला माणसाने हातही लावला नव्हता. तरी जंगल गेले.

आता कुठल्याही जंगलाचे क्षेत्रफळ कानावर पडले, की मी आधी विचारतो: तिथे कोण कोणाला खाते?