नाक न दाबता कान मोकळा

पाण्यात १० मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि मध्यकर्णातील हवा आक्रसून पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून फुंकणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय. श्वास रोखून खोल जाणारे काही पाणबुडे मात्र नाकाला हात लावीत नाहीत. घशातून कानाकडे जाणारी युस्टाशियन नलिका एरवी मिटलेली असते; गिळताना, जांभई देताना मृदू टाळूचे स्नायू ती क्षणभर उघडतात. (तोंड मिटून जांभई देऊन पाहा!) हेच स्नायू इच्छेने आवळायला ते शिकतात. सर्वांना हे साधत नाही. शिवाय उशीर चालत नाही. दाबातील फरक सुमारे ९० मिलिमीटर पारा, म्हणजे जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका झाला, की नलिका घट्ट मिटते. मग स्नायूंचा जोर पुरत नाही आणि थोडे वर यावेच लागते.