काळी मुसळी : न उपटता ओळखा

कॅडेट मित्रांनो, पहिला चांगला पाऊस झाला की जंगलाच्या सावलीत, अगदी मातीला टेकून, छोट्या पिवळ्या चांदण्या दिसू लागतात. ही काळी मुसळी. शास्त्रीय नाव कुर्कुलिगो ऑर्किऑइडिस. डेहराडूनच्या सालवनात, सह्याद्रीत आणि थेट केरळपर्यंत ती आढळते. मल्याळममध्ये तिला निलप्पना, म्हणजे जमिनीवरचा ताड म्हणतात. केरळच्या दशपुष्पांतही तिचा मान आहे.

नावातला ‘काळी’ हा शब्द तिच्या कंदावरून आला. कंद बाहेरून काळपट, आतून पांढरा असतो. त्यामुळे अनेक जण झाड उपटून, कंद पाहून ओळख पटवतात. पण पावसाळा संपल्यावर पाने वाळतात, तेव्हा पुढच्या पावसापर्यंतचा सगळा शिधा याच कंदात असतो. कंद गेला की झाड गेले. औषधासाठीही कंद खणले जातात आणि ती अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. म्हणून पुढील खुणा लक्षात ठेवा. त्यांसाठी खुरपे लागत नाही.

१. पान : पानांचा झुबका थेट जमिनीतून येतो. पान लांबट, टोकदार आणि पंख्यासारख्या उभ्या घड्यांचे. ताडाचे कोवळे रोपही असेच दिसते, पण त्याचे पान ताठ असते. मुसळीचे पान मऊ असून त्यावर विरळ लव असते. पानाचे टोक ओल्या मातीला टेकले, तर तिथून नवे रोपही फुटू शकते.

२. फूल : सहा पिवळ्या पाकळ्या, सहा पुंकेसर. रुंदी साधारण दीड-दोन सेंटिमीटर.

३. बूड : ही सर्वांत पक्की खूण. फुलाखाली जो देठ वाटतो, तो फुलाचाच लांबट, केसाळ भाग असतो. बीजांडकोश पानांच्या बुडाशी, मातीत लपलेला असतो.

फसवणारी दोन झाडे आहेत. हायपॉक्सिसलाही सहा पाकळ्यांचे पिवळे फूल येते, पण त्याची पाने गवतासारखी अरुंद असतात. फूल बारीक दांडीवर उभे राहते आणि बीजांडकोश फुलाच्या लगेच खाली, उघड्यावर दिसतो. दुसरी सफेद मुसळी. तिची फुले पांढरी, उंच दांड्यावर येतात. तिच्या एका प्रसिद्ध जातीचे शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे.

कॅम्पवर हे फूल दिसले, तर गुडघे टेकून बसा. पान, फूल आणि बूड असे तीन फोटो काढा. तारीख आणि जवळची झाडे वहीत लिहा. नेमकी जागा फक्त आपल्या शिक्षकांना सांगा, म्हणजे खणणाऱ्यांना पत्ता लागणार नाही. ओळख पटल्यावरही झाड जागेवरच राहिले, तर पुढच्या पावसात तुमच्या ज्युनिअर्सनाही ते तिथेच भेटेल.