बॉनेटखालचं तेल: पुसायचं कसं आणि त्यातून ओळखायचं काय

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा काळा, चिकट आणि हाताला वास लागणारा आहे. गाडीचं बॉनेट उघडल्यावर आत जे तेल, ग्रीस आणि धुळीचं थर दिसतं ना, ते साफ कसं करायचं, यावर बोलू.

आपलं शहर तसं गाड्यांचंच. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या दुचाकी बनतात, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. इथे प्रत्येक घरात कुणीतरी एमआयडीसीत असतंच. तरी बॉनेट उघडायची वेळ आली की आपण वॉशिंग सेंटरवाल्याला म्हणतो, "भाऊ, इंजिन पण मारा." मग तो प्रेशरचा पाइप घेतो, दोन मिनिटं फवारा, वरून चकचकीत पॉलिश, झालं.

हे का नको, आणि त्याऐवजी काय करायचं, ते सांगतो. पण त्याआधी मुद्द्याची गोष्ट ऐका. इंजिन साफ करायचं ते चमकावं म्हणून नाही, तर गळती कुठून आहे ते दिसावं म्हणून.

तेल येतं कुठून?

धडधाकट इंजिन बाहेरून जवळपास कोरडं असतं. वर धूळ असेल, पण ओलं नसतं. ओलं दिसलं तर दोन शक्यता. एक, ऑइल टाकताना किंवा फिल्टर बदलताना कुणीतरी सांडवलंय. ते निरुपद्रवी. दुसरी, एखादं पॅकिंग किंवा ऑइल सील गेलंय. सगळ्यात नेहमीचं म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं आणि कडेनं तेल झिरपायला लागतं.

आता बीड बायपासची किंवा पैठण रोडची धूळ आठवा. ती या ओल्या तेलावर बसते, तिचा लगदा होतो आणि लगद्याखाली गळतीची जागा झाकून जाते. तेल वरून गळतं, खाली ओघळतं, गाडी चालताना वाऱ्यानं मागे पसरतं. त्यामुळे तेल जिथे दिसतं तिथूनच ते गळतंय, असं नसतं.

दुर्लक्ष केलं तर काय होतं? तेलानं रबर फुगतं, म्हणजे बेल्ट, होस पाइप, इंजिनचे माउंटिंग सगळं लवकर खराब. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतं. त्यावर तेल पडलं की आधी जळका वास, मग धूर, आणि वाईट योग असेल तर आग. आणि गळत गळत तेल कमी झालं, तर इंजिन सीझ. पॅकिंग बदलणं त्या मानानं अगदी किरकोळ काम आहे.

सफाई: एक बादली पाणी, एक सकाळ

आपल्याकडे काही भागांत नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं. पाइप लावून इंजिन धुणं परवडणारं नाही, आणि गरजही नाही. माझी पद्धत सांगतो. माझी जुनी हॅचबॅक आहे, तिच्यावर वर्षातून दोनदा हेच करतो.

साहित्य: इंजिनसाठीचं पाण्यात मिसळणारं डीग्रीझर (थोडाच मळ असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड चालतं), एक स्प्रेची बाटली, रंगाचा जुना ब्रश, जुना टूथब्रश, आइस्क्रीमची लाकडी काडी, चार-पाच सुती फडकी, प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी हातमोजे.

१. इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळी गाडी काढण्याआधी करा, आणि सावलीत. गरम धातूवर डीग्रीझर लगेच वाळतं आणि डाग पडतात. शिवाय तापलेल्या भागावर एकदम गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो.

२. आधी फोटो काढा. चारही कोपऱ्यांतून, फ्लॅश लावून. हा टप्पा सोडू नका. का, ते पुढे कळेल.

३. बॅटरीची मायनसची वायर काढा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो, आणि आपला हात तिथेच असतो. घड्याळ नंतर पुन्हा लावावं लागेल, एवढंच. हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी वायरींना हातसुद्धा लावायचा नाही. तिथे जिवावर बेतेल असा व्होल्टेज असतो.

४. झाका. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयू, एअर फिल्टरचं तोंड, इग्निशन कॉइल आणि वायरींचे उघडे जोड. पिशवी गुंडाळा, रबर बँड लावा. प्रेशरचा पाइप नको म्हणतो तो याचमुळे. जोर इतका असतो की पाणी सील ओलांडून जोडांत शिरतं आणि मग चेक इंजिनचा दिवा, नाहीतर मिसिंग.

५. कोरडं काम आधी. सुकलेली पानं, माती ब्रशनं काढा. जाड ग्रीस लाकडी काडीनं खरवडा. जितकं कोरडं निघेल तितकं पाणी वाचलं.

६. डीग्रीझर थोड्या थोड्या भागावर. फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा, ब्रशनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा. वाळू द्यायचं नाही. बेल्टवर आणि अल्टरनेटरवर अजिबात नाही. फडकं बादलीत पिळा, पुन्हा पुसा.

७. सुकवा. कोरड्या फडक्यानं पुसा, पिशव्या काढा, बॅटरी जोडा, बॉनेट उघडं ठेवून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी दिसत असेल, तर चमचाभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टूथब्रशनं घासा. ॲसिडचा जोर मोडतो. सोडा बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नका.

हे तीन नको

पेट्रोल नको. त्याची वाफ कुठल्याही हवामानात पेट घेते, एक ठिणगी पुरते. रॉकेल किंवा डिझेल "त्यात काय, सगळे गॅरेजवाले वापरतात" म्हणून वापरू नका. त्यांची वाफ साधारण ३५-४० अंशांपुढे पेटण्याजोगी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४० असतं! तिसरं, कॉस्टिक सोडा. तेल झटकन कापतो हे खरं, पण ॲल्युमिनियमसुद्धा खातो, आणि आजकालच्या इंजिनांत ॲल्युमिनियम भरपूर असतं.

आता खरी तपासणी

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवा. मग बॉनेट उघडा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गळतीचा उगम बहुतेक तिथेच असतो. पुन्हा फोटो काढा, आधीच्याशी ताडून बघा. सगळं कोरडं राहिलं तर समजा, जुनं सांडलेलं होतं.

रंगही बोलतो. तपकिरी किंवा काळं म्हणजे इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी, गोडसर वासाचं म्हणजे कूलंट. लालसर असेल तर पॉवर स्टिअरिंग किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. फिकट पिवळं, ब्रेक ऑइलच्या डबीजवळ किंवा चाकापाशी असेल, तर गाडी चालवूच नका, मेकॅनिकला घरी बोलवा. आणि एसी लावल्यावर खाली पडणारं स्वच्छ पाणी? ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

हे फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलात की संभाषणच बदलतं. "तेल गळतंय, बघा जरा" म्हणण्यापेक्षा "उस्ताद, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून येतंय, हा तीन दिवसांतला फोटो" असं म्हटलं की उगाच चार पार्ट बदलले जात नाहीत.

तुमच्यापैकी बरेच जण पहिली गाडी सेकंडहँड घेणार, हे मला मेसेजवरून कळतं. त्यांच्यासाठी हीच गोष्ट उलटी. दहा वर्षं जुन्या गाडीचं इंजिन आरशासारखं चमकत असेल, तर खूश होऊ नका. कालच धुतलं असेल तर गळतीचा पुरावाही धुतला गेला. वीस-पंचवीस मिनिटं चालवून बघा, परत बॉनेट उघडा, टॉर्च मारा, खाली वाकून इंजिनचा तळ बघा, इंजिन बंद करून थोडं थांबा आणि डिपस्टिक काढून तेल बघा. धूळ बसलेलं पण कोरडं इंजिन मला जास्त प्रामाणिक वाटतं.

बादलीतलं काळं पाणी कुठे?

हा भाग प्लीज स्किप करू नका. ते पाणी गटारात ओतायचं नाही. शहरातले बरेच नाले खाम नदीला मिळतात. खाम पाणचक्कीजवळून वाहते, छावणी, वाळूजकडे जाते आणि पुढे नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात मिळते. आणि आपल्या नळाला पाणी कुठून येतं? त्याच जायकवाडीतून! आपण ओतलेलं आपल्याकडेच परत यायचं. अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते की गाडीच्या एका ऑइल चेंजमधलं जुनं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. बादलीत तेल त्याहून खूप कमी असतं, मान्य. पण शहरात गाड्या किती आहेत?

मग करायचं काय? पाणी रात्रभर तसंच ठेवा. बरंचसं तेल वर तरंगतं. ते जुन्या फडक्यानं किंवा लाकडाच्या भुशानं टिपून घ्या. उरलेल्या पाण्यात डीग्रीझरमुळे थोडं तेल मिसळलेलं असतंच, म्हणून ते झाडांनाही नको. जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारा, कॅनमध्ये भरून तिथेच द्या. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. तेलकट फडकी ओल्या-सुक्यात न टाकता वेगळी बांधून घंटागाडीला सांगून द्या.

मुळात पाणी बादलीभरच वापरलं, म्हणून हे शक्य होतं. पाइप लावला असता तर ते कधीच नाल्यात पोचलं असतं.

तर या रविवारी सकाळी बॉनेट उघडा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो पाठवा. कुठून गळतंय ते ओळखता येत नसेल तर व्हॉइस नोट टाका, पुढच्या भागात घेऊ. पुढचा विषय: पावसाळ्यात बॉनेटखाली घर करणारे उंदीर. भेटू!