उभा तुकडा, आडवा तुकडा

4 नोव्हेंबर 2010 रोजी क्वांटासचं ए-380 विमान सिंगापूरहून निघालं आणि थोड्याच वेळात त्याच्या एका इंजिनातली टर्बाइनची तबकडी फुटली. तिचे तुकडे इंजिनाचं कवच फोडून पंखातून आरपार गेले. विमानातले 469 जण सुखरूप उतरले, हे नशीब आणि वैमानिकांचं कसब. चौकशीत मूळ कारण निघालं ते तेलाच्या एका आखूड नळीचं. आतलं भोक किंचित सरकलेलं होतं, त्यामुळे एका बाजूची भिंत पातळ झाली, तिथे तडा गेला आणि गळलेल्या तेलाने पेट घेतला.

इंजिनात काही फुटलं की आजूबाजूच्या धातूवर मार असा एकदम बसतो. आता इंजिनाचे काही सुटे भाग लेझरने पावडर वितळवून, थरावर थर देत छापले जातात. एका माहितीपत्रकात वाचलं की असा धातू ‘फोर्जिंगच्या तोडीस तोड’ असतो. तोड कुठल्या परीक्षेतली, हळूहळू ओढण्याच्या की एकदम धडकण्याच्या? ते तिथे लिहिलेलं नव्हतं. म्हणून पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत गेलो.

खोलीत कटिंग ऑइलचा वास. लांबलचक टेबलावर पोलादाचे दोन दांडे एका रेषेत, मागे नायट्रोजनवर चालणारी गॅस गन. बर्ट्रम हॉपकिन्सनने 1914 मध्ये असा दांडा वापरला, हर्बर्ट कोल्स्कीने 1949 मध्ये त्याचे दोन केले आणि तुकडा मधोमध धरला. मांडणी अजून तीच आहे. बंदुकीतून सुटलेला अर्ध्या मीटरचा स्ट्राइकर पहिल्या दांड्यावर आपटतो. दाबाची लाट पोलादातून सेकंदाला सुमारे 5 किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे स्ट्राइकरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायला तिला 200 मायक्रोसेकंद लागतात. धक्का तेवढाच टिकतो. जे काय व्हायचं ते त्या 200 मायक्रोसेकंदांत.

तुकडे तयार करतात ते मामा. त्यांना सगळेच मामा म्हणतात, पीएचडी करणारी मुलगीसुद्धा. इन्कोनेल 718 या निकेलच्या मिश्रधातूचा छापलेला ठोकळा वायरकटवर कापून येतो, पुढचं काम मामांचं. 8 मिलिमीटर व्यासाचा, तेवढ्याच उंचीचा तुकडा. पॉलिश पेपरवर तोंड घासायचं, डायलखाली फिरवायचं, पुन्हा घासायचं. दोन्ही तोंडं समांतर नसली तर धक्का कोपऱ्यावर बसतो आणि आलेख खोटं बोलतो. मामांची मर्यादा दहा मायक्रॉनची. एक तुकडा त्यांनी माझ्यासमोर बाद केला.

“मामा, चालेल की तो,” ती म्हणाली.

“तुला चालेल गं, त्या दांड्याला नाही चालायचं.”

तोंडांना ग्रीस लागलं, तुकडा दांड्यांमध्ये बसला, झडप उघडली. एक कोरडा ‘ठण्ण’. पापणी लवण्याचाही वेळ नाही आणि स्क्रीनवर तीन लाटा उमटलेल्या. 8 मिलिमीटरचा तुकडा साडेसहाच्या आसपास आला होता. धातू चेपताना खर्च झालेली बहुतेक ऊर्जा उष्णता होते, साधारण नव्वद टक्के धरतात. तिला बाहेर पडायला 200 मायक्रोसेकंद पुरत नाहीत, म्हणून तुकडा आतल्या आत सत्तरेक अंशांनी तापतो. म्हणजे एकीकडे मार खाऊन धातू कडक होतो, दुसरीकडे त्याच माराच्या उष्णतेने मऊ पडतो.

असे दोन तुकडे मारून झाले, मग मामांनी मायक्रोमीटर काढला. उभा तुकडा, म्हणजे छपाईच्या दिशेने कापलेला, गोलच फुगला होता. आडवा मात्र एका बाजूने जरा जास्त. काही शतांश मिलिमीटर. डोळ्याला कळणार नाही, पण गोल तो राहिला नाही. मी पुन्हा पुन्हा त्याच तुकड्याकडे वळत होतो.

कारण सूक्ष्मदर्शकात दिसतं. लेझरने वितळवलेल्या थेंबांच्या कडा माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक, आणि त्यांना न जुमानता खालून वर गेलेले लांबट स्फटिक. ओतीव किंवा घडीव धातूत दिशा असतेच, पण इथे ती थराथराने पक्की होत जाते. त्यात हा धातू इतक्या झटपट गोठतो की त्यातलं पाचेक टक्के निओबियम सारखं पसरत नाही, स्फटिकांच्या फांद्यांमधल्या फटीत साचून ठिसूळ कण करतं. ते विरघळवायला भट्टी लागते. मग 720 आणि 620 अंशांवर आठ-आठ तास मुरवलं की खरी ताकद येते.

आणि ताकदीसोबत दुसरी खोड येते. ड्रॉवरमध्ये याहून बऱ्याच जास्त वेगाने मारलेला, मुरवलेला एक तुकडा होता. तिरका, जवळपास पंचेचाळीस अंशांत चिरलेला. सगळी उष्णता एका बारीक पट्टीत एकवटली, तिथेच धातू मऊ पडला आणि घसरला. न मुरवलेला तुकडा तेवढाच मार खाऊन नुसता फुगून बसला होता. उष्णता कुठे साचेल आणि चीर कुठून जाईल, हे वेगाशिवाय सांगता येत नाही, आणि ताकदीचा तक्ता वेग विचारत नाही.

माहितीपत्रकातला ताकदीचा आकडा मी त्या मुलीला दाखवला. हळू ओढून काढलेला, तिने ओळखलं. तो खोटा नाही, असं ती म्हणाली, पण ठोकळा कुठल्या दिशेने छापला आणि भट्टीत किती तास होता, हे विचारल्याशिवाय ती तो वापरत नाही. मामांनी बाद केलेल्या तुकड्याच्या जागी दुसरा घासायला घेतला होता. तो आडवा होता, आणि त्याच्या तोंडावर त्यांनी मार्करने छपाईची दिशा दाखवणारा बाण काढून ठेवला होता, ग्रीसने पुसला जाईल म्हणून बाजूलाही एक.