गुडघ्याला पट्टा बांधण्याआधी

बैठका सोलापूरला नव्या नाहीत. थोरला मंगळवेढा, पाणीवेस ही तालमींची नावे आजही शहराच्या बोलण्यात आहेत. पंढरपूर, माळशिरस, मोहोळ भागांत तर आखाड्याची ओढ लहानपणापासूनची. तालमीतल्या बैठकीत वजन असते ते स्वतःच्या शरीराचे. अलीकडे तालमीशेजारी जिम आली आणि खांद्यावर शंभर-दीडशे किलोचा बार घेऊन बैठक मारणारी मुले-मुली दिसू लागली. या भारित बैठकेला म्हणतात स्क्वॉट. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट मिळून होतो पॉवरलिफ्टिंगचा खेळ. हा खेळ खेळणाऱ्यांच्या बॅगेत एक वस्तू हमखास सापडते, ती म्हणजे गुडघ्याला गुंडाळायचा लवचीक पट्टा किंवा गुडघ्यावर चढवायची जाड रबरी बाही. जिमच्या भाषेत रॅप आणि स्लीव्ह.

या दोन्ही वस्तूंना खेळात त्यांची जागा आहे. प्रश्न निर्माण होतो तो वेगळ्याच कारणाने. गुडघा दुखू लागतो, म्हणून पट्टा घेतला जातो. पट्टा आवळला की दुखणे कमी जाणवते, म्हणून बारवर आणखी दहा किलो चढतात. काही महिन्यांनी जिना उतरतानाही गुडघा बोलू लागतो आणि मग डॉक्टरांकडे धाव घेतली जाते. तोपर्यंत साध्या विश्रांतीने आणि सरावातल्या थोड्या बदलाने बरे होणारे दुखणे चिवट झालेले असते. म्हणून पट्टा नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे आधी समजून घेणे बरे.

एकाच गुडघ्यासाठी दोन वस्तू

आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ सालची. या महासंघाच्या नियमांत रॅप आणि स्लीव्ह यांच्यात स्पष्ट भेद केला आहे. रॅप जास्तीत जास्त २ मीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद असू शकतो आणि तो फक्त साहित्यासह खेळल्या जाणाऱ्या गटात चालतो. ‘क्लासिक’ म्हणजे साहित्याविना गटात रॅपला बंदी आहे. तिथे चालते ती निओप्रीनची स्लीव्ह. तिची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा आणि लांबी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. काही इतर संघटना रॅप वापरणाऱ्यांसाठी वेगळा गट ठेवतात.

असा भेद करण्यामागचे कारण सरळ आहे. रॅपमुळे उचललेले वजन वाढते. स्लीव्हमुळे वाढले तरी फारसे वाढत नाही. नियम करणाऱ्यांनी रॅपकडे औषध म्हणून पाहिलेले नाही, वजन वाढवणारे साहित्य म्हणून पाहिले आहे. जिममध्ये हीच गोष्ट विसरली जाते.

पट्ट्यातली ताकद कुठून येते?

रॅपचे काम सोलापूरकराला समजावून सांगणे सोपे आहे, कारण ते शेवटी एक कापडच. त्याच्या लांबीत रबराचे धागे विणलेले असतात. पाय सरळ असताना हा पट्टा ताणून गुंडाळतात. खाली बसताना गुडघा वाकतो, तसा पट्टा आणखी ताणला जातो आणि ताणलेल्या रबरात ऊर्जा साठते. वर उठताना तो आकसतो आणि गुडघा सरळ करायला हातभार लावतो. समजा, एखादा तरुण पट्ट्याविना १०० किलो उचलतो आणि पट्टा बांधून ११०. वरच्या दहा किलोंचे काम त्याच्या मांडीने केलेले नसते, ते रबराने केलेले असते. नोंदवहीत मात्र ११० लिहिले जातात आणि पुढच्या आठवड्याचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

२०१२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सरावात मुरलेल्या दहा पुरुषांवर याची तपासणी केली. प्रत्येकाने आपल्या कमाल क्षमतेच्या ८० टक्के वजन घेऊन स्क्वॉट केले, एकदा रॅप बांधून आणि एकदा रॅपशिवाय. रॅप बांधल्यावर वर उठतानाची सर्वोच्च शक्ती सुमारे १० टक्क्यांनी वाढली. त्याचबरोबर खाली जाण्याचा वेग वाढला आणि बारचे पुढे-मागे सरकणे कमी झाले. याचा अर्थ बैठकीची ढबच बदलली. ढब बदलली की कोणत्या स्नायूवर किती भार पडतो तेही बदलू शकते. रोजच्या ताकदीच्या सरावात रॅप वापरू नये आणि गुडघा कमकुवत वाटत असेल तर त्याची तपासणी करून उपचार घ्यावेत, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. अभ्यास लहान आहे, पण सल्ला व्यवहाराला धरून आहे.

आवळण्याची किंमत

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा जितका वाकेल, तितकी ती मागच्या हाडावर अधिक दाबली जाते. हा दाब नैसर्गिक आहे आणि निरोगी कूर्चा तो सहन करते. घट्ट रॅप या दाबात स्वतःची भर घालतो. वाटीमागचे दुखणे असलेल्या माणसाने वाटीवरच पट्टा आवळणे म्हणजे दुखऱ्या जागेवर आणखी ओझे ठेवणे.

दुसरी काळजी नसेची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस पुढे जाते. ती त्वचेच्या अगदी लगत असते. पाऊल वर उचलण्याचे काम तिच्याकडे आहे. घट्ट प्लास्टरने किंवा शेतात तासन्‌तास उकिडवे बसून काम केल्याने याच नसेवर दाब येतो. पट्टा फार खाली आणि फार घट्ट बांधून तसाच ठेवला, तर पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो. पाऊल उचलताना लुळे वाटू लागले तर पट्टा तत्काळ सोडावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पायाच्या शिरा फुगलेल्या असणे, पायात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली असणे, रक्त पातळ करणारी औषधे सुरू असणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रॅप बांधू नये.

स्लीव्ह आणि आजीची नी कॅप

घरात आजीच्या गुडघ्यावर नी कॅप असते आणि नातवाच्या गुडघ्यावर स्लीव्ह. दोन्हींचे काम बरेचसे सारखे आहे. गुडघ्याला ऊब मिळते, हलका दाब राहतो आणि त्वचेवरच्या स्पर्शामुळे सांधा नेमका कुठे आहे याची मेंदूला अधिक चांगली जाणीव होते. त्यामुळे हालचालीत विश्वास वाटतो आणि काहींना दुखणेही थोडे कमी भासते. एवढ्या अपेक्षेने स्लीव्ह वापरायला हरकत नाही. पण गुडघ्याच्या आतले अस्थिबंध किंवा दोन हाडांमधल्या गाद्या स्लीव्हमुळे मजबूत होत नाहीत. गुडघा पिळवटला तर स्लीव्ह त्याला वाचवू शकत नाही. दुसऱ्याने ओढून चढवावी लागेल इतकी घट्ट स्लीव्ह घेतली, तर तिचे फायदे-तोटे रॅपच्या जवळ जाऊ लागतात.

सोलापूरच्या हवामानात आणखी एक बाब महत्त्वाची. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि निओप्रीनमधून हवा खेळत नाही. घामाने भिजलेली स्लीव्ह बॅगेत तशीच कोंबून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवली की पुरळ, खाज आणि नायटा यांना आमंत्रण मिळते. सराव संपताच ती काढावी, पाय टॉवेलने कोरडे करावेत, स्लीव्ह धुऊन सावलीत पूर्ण वाळवावी. ती मित्राला वापरायला देऊ नये. मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडचे मिश्र मलम नायट्यावर स्वतःच्या मनाने लावू नये, त्याने नायटा दबतो आणि नंतर अधिक पसरतो.

खोल बैठकीला घाबरावे का?

‘पूर्ण खाली बसलास तर गुडघे जातील’ असे अनेकदा ऐकवले जाते. उपलब्ध अभ्यास या भीतीला दुजोरा देत नाहीत. खोल स्क्वॉटमध्ये गुडघ्यावर येणाऱ्या भाराचा जर्मन अभ्यासकांनी २०१३ साली आढावा घेतला. निरोगी गुडघा, योग्य पद्धत आणि टप्प्याटप्प्याने वाढवलेले वजन असेल, तर खोल बैठक धोकादायक ठरत नाही, उलट शरीर त्या भाराशी जुळवून घेते, असे त्यांना आढळले. स्पर्धेत तर मांडीचा कंबरेकडचा भाग गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जावाच लागतो.

या साऱ्यात टप्प्याटप्प्याने हा शब्द कळीचा. संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे भक्त आधीपासून सराव करतात, थेट यात्रेच्या दिवशी कोणी ध्वज खांद्यावर घेत नाही. स्नायूंची ताकद तुलनेने लवकर वाढते. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. मांडी तयार आणि कंडरा मागे, अशा काळात रॅपच्या जोरावर वजन वाढवले की वाटीखालची कंडरा दुखू लागते.

कोणते दुखणे काय सांगते?

जिना उतरताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाटीभोवती दुखत असेल, तर बहुधा वाटीवरचा भार वाढलेला असतो. वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवता येईल अशी एकच दुखरी जागा असेल, तर कंडरेची शंका घ्यावी. अशा दुखण्यांत सराव पूर्ण बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. वजन आणि आवर्तने कमी करणे, खाली जाताना वेग मंद ठेवणे, नितंब आणि घोट्याच्या हालचाली सुधारणे आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम नेटाने करणे याने बहुतेक जण बरे होतात. त्याला आठवडे नव्हे, काही महिनेही लागू शकतात.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. गुडघा पिळवटल्यानंतर काही तासांतच तो टम्म सुजला, मध्येच अडकू लागला, चालताना दगा देऊ लागला, तर आतला अस्थिबंध किंवा गादी फाटलेली असू शकते. गुडघा गरम, लाल आणि सोबत ताप असेल तर सांध्यात जंतुसंसर्गाची शक्यता असते आणि ती तातडीची बाब आहे. यांपैकी कशावरही पट्टा बांधून सराव सुरू ठेवू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून अस्थिरोग विभागात दाखवावे.

किशोरवयीन मुलांचा विचार वेगळा करावा. चौदाव्या वर्षापासून सब-ज्युनियर गटात खेळता येते. या वयात हाडांची टोके अजून वाढत असतात. गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येणे हे वाढत्या हाडावरील ओढीचे लक्षण असू शकते. लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा दुखत असला तरी मूळ दोष कधी कधी खुब्याच्या सांध्यात असतो. मुलांना रॅप बांधून वजन वाढवण्याची घाई प्रशिक्षकांनी आणि पालकांनीही करू नये.

वापरायचाच असेल तर

स्लीव्ह मापाने घ्यावी. ती उतरवल्यावर त्वचेवर खोल वळ राहात असतील तर ती लहान आहे. रॅप असलेल्या गटात जे खेळणार आहेत त्यांनीच रॅप घ्यावा आणि तोही स्पर्धेआधीच्या काही आठवड्यांत, फक्त जड वजनाच्या आवर्तनांना. आवर्तन संपताच तो सोडावा. बांधल्यावर पायाच्या अंगठ्याचे नख दाबून पाहावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. रॅपसह आणि रॅपशिवाय उचललेल्या वजनांची नोंद वेगळी ठेवावी. दुखऱ्या गुडघ्याला रॅप बांधून जड सराव करू नये.

गुडघ्यापलीकडचीही एक काळजी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे सरावादरम्यान २७० किलोचा बार मानेवर पडून १७ वर्षांच्या पॉवरलिफ्टर मुलीचा मृत्यू झाला. रॅप, स्लीव्ह किंवा कंबरपट्टा यांतले काहीही अशा प्रसंगी वाचवू शकत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मंचावर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच मदतनीस उभे असतात. सरावातही रॅकचे सुरक्षा दांडे योग्य उंचीवर लावलेले हवेत आणि दोन्ही बाजूंना जाणते मदतनीस हवेत. रॅपने आपली मर्यादा दहा किलोंनी पुढे ढकलली, तर ही गरज तेवढीच वाढते.

जिमचे शुल्क भरताना मशीन किती आहेत हे सगळेच पाहतात. सुरक्षा दांडे आहेत का, जड वजनाला मदतीला कोण उभे राहते आणि ‘गुडघा दुखतो’ म्हटल्यावर प्रशिक्षक वजन उतरवायला सांगतो की पट्टा पुढे करतो, हेही विचारून घ्यावे. पट्टा पुढे करणाऱ्या जिमपेक्षा वजन उतरवायला सांगणारा प्रशिक्षक गुडघ्याच्या अधिक कामाचा.