आत्याचा कॅन्सर रिपोर्ट भाचीला का कळायला हवा?

लग्नानंतर आत्याचं आडनाव बदलतं, जनुकं नाही. बीआरसीए १ किंवा बीआरसीए २ या जनुकात दोष असेल, तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. मुलगा असो वा मुलगी. म्हणजे वडील ठणठणीत असले, तरी त्यांच्याकडून तो लेकीपर्यंत येऊ शकतो. वडिलांकडच्या आजारांची चौकशी मात्र अनेकदा राहूनच जाते.

या दोषामुळे स्त्रियांना स्तन व अंडाशयाच्या, तर पुरुषांना प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३मध्ये आपल्यातला बीआरसीए १ चा दोष जाहीर केला होता.

चाचणीपेक्षा सांगणं अवघड. रुग्णाच्या परवानगीशिवाय डॉक्टर सहसा नातेवाइकांना कळवत नाहीत. फोन रुग्णालाच करावा लागतो. 'पोरींची लग्नं अडतील' म्हणून तो टळतो. ही भीती अगदीच खोटी नाही.

सांगताना रिपोर्टची प्रतही पाठवावी. नेमका बदल माहीत असेल, तर नातेवाइकांना तेवढीच, तुलनेने स्वस्त चाचणी पुरते. भाचीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर तो दोष तिच्या मुलांकडे तिच्याकडून जात नाही. पॉझिटिव्ह आला, तर साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय सुचवला जातो.